एक आकडा चुकला आणि विमान भलतीकडे! छोट्या विमानात 'सेटिंग'च्या चुका कशा टाळतात?

मोबाइलच्या मॅपवर नुसतं 'पिंपळगाव' टाकून बघा. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळगाव राजा... यादी संपता संपत नाही. घाईत भलत्याच नावावर बोट पडलं, तर नाशिक जिल्ह्याऐवजी मॅप तुम्हाला बुलढाण्याकडे घेऊन निघतो. यात मॅपची काहीच चूक नसते. तुम्ही जे सांगितलं, ते त्याने ऐकलं.

गाडीत असाल तर हे निभावून जातं. पुढच्या फाट्यावर पाटी दिसते, नाहीतर एखाद्या टपरीवर थांबून विचारता येतं. आकाशात पाटी नसते, टपरी नसते आणि थांबताही येत नाही. तिथे पायलटला वाट दाखवतात समोरच्या पॅनलवरचे काटे, आकडे आणि स्क्रीन. आणि हे सगळं तेव्हाच बरोबर चालतं, जेव्हा त्यात भरलेली माहिती बरोबर असते.

यंत्र बिघडलं तर बऱ्याचदा लाल खूण दिसते किंवा स्क्रीन बंद पडते. पण यंत्र ठणठणीत असेल आणि त्यात आकडाच चुकीचा भरला असेल, तर सगळं छान चाललंय असंच वाटत राहतं. म्हणूनच या चुका धोकादायक मानल्या जातात. त्या नेमक्या कुठे होतात आणि पायलट त्या कशा पकडतात, ते समजून घेऊया.

छोट्या विमानाचा प्रश्न वेगळा का?

प्रवासी विमानात दोन पायलट असतात. एकाने आकडा भरायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, अशी तिथली पद्धत. सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानात मात्र बहुतेक वेळा एकच पायलट असतो. विमान सांभाळणं, रेडिओवर बोलणं, नकाशा बघणं आणि बटणं फिरवणं, सगळं त्यालाच करायचं असतं. चूक करणारा आणि चूक पकडणारा माणूस एकच.

आपल्याकडच्या शिकाऊ पायलटांनाही याला तोंड द्यावं लागतं. डीजीसीएच्या नियमांनुसार कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा एक लांबचा प्रवासही करावा लागतो. गोंदिया किंवा धुळ्यात प्रशिक्षण घेणारा विशीतला मुलगा किंवा मुलगी एकट्याने असं उड्डाण करते, तेव्हा शेजारच्या सीटवर चूक सांगणारं कुणी नसतं.

समुद्रावर हरवलेलं एक इंजिनाचं विमान

डिसेंबर १९७८. एक अमेरिकी पायलट पिकांवर फवारणी करणारं छोटं सेस्ना १८८ विमान अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला पोहोचवायला निघाला होता. प्रशांत महासागरातल्या पागो पागोहून नॉरफोक बेटाकडे जाण्याचा टप्पा होता. रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारा विमानातला काटा चुकीची दिशा दाखवत होता आणि पायलट त्याच्याच मागे जात राहिला. ठरलेल्या वेळेला बेट दिसायला हवं होतं. दिसलं ते फक्त पाणी.

त्या वेळी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० हे प्रवासी विमान फिजीहून ऑकलंडला निघालं होतं. त्याचे कॅप्टन गॉर्डन व्हेट मदतीला धावले. त्यांनी दोन्ही विमानांची तोंडं मावळत्या सूर्याकडे वळवून होकायंत्राच्या आकड्यांची तुलना केली. मग दोघांनी हात लांब करून, क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजलं. छोट्या विमानातून चार बोटं भरली, व्हेट यांच्याकडून दोन. म्हणजे छोट्या विमानातून सूर्य जास्त वर दिसत होता, म्हणजेच ते आणखी पश्चिमेला होतं. पुढे दोन्ही ठिकाणच्या सूर्यास्ताच्या वेळेतला फरकही हिशेबात घेतला गेला. समुद्रातून ओढून नेल्या जाणाऱ्या एका तेलविहिरीच्या दिव्यांनी जागा पक्की झाली. तब्बल २३ तास हवेत राहून ते विमान नॉरफोक बेटावर सुखरूप उतरलं.

इथे सेटिंग चुकलं नव्हतं, उपकरणात बिघाड होता. पण जीव वाचला तो सूर्य, घड्याळ आणि बोटं वापरून, म्हणजे त्या बिघडलेल्या काट्याशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींमुळे. सेटिंगच्या चुका पकडायची रीतही हीच आहे.

चूक पहिली : दिशेचा आकडा

छोट्या विमानात दिशा दाखवणारी दोन साधनं असतात. एक साधं चुंबकीय होकायंत्र आणि दुसरं भिंगरीसारख्या फिरत्या चाकावर चालणारं दिशादर्शक. होकायंत्र वळताना आणि वेग बदलताना डुचमळतं, म्हणून पायलट दिशादर्शकाकडे बघून विमान चालवतात. अडचण अशी, की जुन्या पद्धतीचं हे दिशादर्शक हळूहळू सरकत जातं. त्यामुळे साधारण दर १५ मिनिटांनी, विमान सरळ आणि एका वेगाने चाललेलं असताना, ते होकायंत्राशी जुळवून घ्यावं लागतं.

विसरलं तर? वैमानिकीत एक सोपा हिशेब आहे. दिशा १ अंशाने चुकली, तर दर ६० किलोमीटरमागे विमान १ किलोमीटर बाजूला सरकतं. चूक १० अंशांची असेल, तर १०० किलोमीटरनंतर विमान सुमारे १७ किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला यासाठी फक्त अर्धा तास लागतो.

आकडा वाचण्यातही घोळ होतो. ३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझीलच्या वारिग कंपनीचं बोइंग ७३७ माराबाहून उत्तरेला, बेलेमकडे निघालं होतं. कागदावर दिशा लिहिली होती '०२७०'. त्याचा अर्थ होता २७.० अंश. कॅप्टनने तो २७० अंश वाचला. म्हणजे उत्तरेऐवजी थेट पश्चिम. सहवैमानिकाने कागद न बघता कॅप्टनचा आकडा बघूनच आपलं उपकरण लावलं. विमान अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर भरकटलं, इंधन संपलं आणि ते झाडांवर उतरवावं लागलं. ५४ पैकी १२ जणांचा मृत्यू झाला.

वेळ संध्याकाळची होती. बेलेमकडे जाताना मावळता सूर्य डाव्या हाताला असायला हवा होता. पश्चिमेला निघालेल्या विमानात तो समोर असतो.

यावर साधा उपाय आहे. उड्डाणाआधी विमान धावपट्टीवर सरळ उभं केलं, की धावपट्टीचा क्रमांक आणि दिशादर्शक जुळतात का ते बघायचं. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशाच असते. मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे साधारण २७० अंश. काटा भलतंच काही दाखवत असेल, तर जमिनीवरच कळतं.

चूक दुसरी : उंचीचा आकडा

उंचीमापक खरं तर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. वर जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून तो उंची सांगतो. पण दाब हवामानाप्रमाणेही बदलतो. मुंबईत पावसाळ्यात तो कमी असतो, हिवाळ्यात जास्त. म्हणून पायलटला त्या ठिकाणचा, त्या वेळचा दाब एका छोट्या खिडकीत लावावा लागतो. हा आकडा हेक्टोपास्कलमध्ये असतो आणि १ हेक्टोपास्कलच्या चुकीने उंचीत सुमारे २८ फुटांचा फरक पडतो.

खऱ्यापेक्षा जास्त दाब लावला, तर उंचीमापक जास्त उंची दाखवतो. पायलटला वाटतं आपण वर आहोत, विमान प्रत्यक्षात खाली असतं. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेल्यावर आकडा बदलला नाही, तरी हेच होतं. सह्याद्रीत कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच आहे. अशा भागात ढगांमधून जाताना ३०० फुटांची चूक जिवावर बेतू शकते.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नेमकं हेच घडत होतं. खरा दाब होता १००१. नियंत्रकाने सांगितला १०११. पायलटनी तोच परत म्हणून दाखवला आणि लावला. १० हेक्टोपास्कलची चूक, म्हणजे सुमारे २८० फूट. धावपट्टी दिसली नाही म्हणून पायलटनी एअरबस ए-३२० पुन्हा वर घेतलं. त्या वेळी विमान धावपट्टीच्या अलीकडे, जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत खाली आलं होतं. विमानात १७८ जण होते.

ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवला, की काम झालं असं नाही. चुकीचा आकडाही अचूक म्हणता येतो. विमानतळाचा ध्वनिमुद्रित हवामान संदेश ऐकून दोन्ही आकडे जुळवणं, हा खरा पडताळा. निघण्याआधी आणखी एक सोपी तपासणी असते. दाब लावल्यावर उंचीमापकाने त्या विमानतळाची उंची दाखवायला हवी. पुण्याच्या लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट आहे. तिथे काटा १,६०० दाखवत असेल, तर दाबाचा आकडा चुकलाय किंवा उपकरणात दोष आहे.

चूक तिसरी : रेडिओ केंद्र आणि एक छोटं बटण

जीपीएस आलं तरी जमिनीवरची रेडिओ केंद्रं आजही वापरात आहेत. त्यातलं नेहमीचं म्हणजे व्हीओआर. त्याची फ्रिक्वेन्सी लावली, की विमान त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहे ते कळतं. फ्रिक्वेन्सीचा एक आकडा चुकला आणि योगायोगाने तिथे दुसरं केंद्र असेल, तर काटा तितक्याच विश्वासाने हलतो. फक्त तो भलत्या गावाचा पत्ता सांगत असतो.

म्हणून प्रत्येक केंद्र मोर्स कोडमध्ये स्वतःचं नाव सांगत असतं. मुंबईच्या केंद्राची ओळख 'बीबीबी' आहे. एक लांब, तीन छोटे 'बीप', असं तीन वेळा. हे कानांनी ऐकल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं शिकाऊ पायलटला पहिल्यापासून सांगितलं जातं. काट्याशेजारी 'टू' आणि 'फ्रॉम' अशी खूणही असते. केंद्राकडे जाताना 'टू' दिसायला हवं. दिशा उलटी लावली, तर काटा उलटं दाखवतो आणि त्याच्याकडे वळत गेलं की विमान मार्गापासून आणखी दूर जातं.

आणखी एक जागा म्हणजे काट्याला माहिती कुठून मिळते ते ठरवणारं बटण. गार्मिन ४३० सारख्या उपकरणात 'सीडीआय' नावाचं बटण असतं. एकदा दाबलं की काटा जीपीएसचं ऐकतो, पुन्हा दाबलं की रेडिओ केंद्राचं. पायलटने उतरताना धावपट्टीची फ्रिक्वेन्सी बरोबर लावली, पण बटण जीपीएसवरच राहिलं, तर काटा मधोमध स्थिर दिसू शकतो आणि तरीही तो धावपट्टीची वाट दाखवत नसतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचणं हाच यावरचा उपाय.

चूक चौथी : नाव तेच, जागा दुसरी

पिंपळगावसारखा घोळ आकाशातही होतो. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे येत होतं. नियंत्रकाने सरळ उतरण्याचा जवळचा मार्ग देऊ केला आणि पायलटची घाई सुरू झाली. त्यांना 'रोझो' या केंद्राकडे जायचं होतं. नकाशावर त्याची खूण होती 'आर'. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाकलं. यादीत पहिलं नाव आलं ते बोगोटाजवळच्या 'रोमिओ' केंद्राचं. तेच निवडलं गेलं. रात्रीच्या अंधारात विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळलं. १६३ पैकी फक्त ४ जण वाचले.

अक्षांश-रेखांश हाताने भरतानाही असंच होतं. मार्च २०१५ मध्ये एअरएशिया एक्सचं एक विमान सिडनीहून क्वालालंपूरला निघणार होतं. रेखांश भरायचा होता १५१०९.८. भरला गेला ०१५१९.८. अंक जवळपास तेच, पण विमानाच्या दृष्टीने ते सिडनीपासून ११,००० किलोमीटरहून अधिक दूर उभं होतं. उड्डाणानंतर यंत्रणा गोंधळली आणि शेवटी विमान मेलबर्नला उतरवावं लागलं.

म्हणून मार्ग भरून झाला, की पायलट फक्त नावं बघत नाहीत. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि दिशा कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघतात. कागदावर ४५ आणि स्क्रीनवर ४५०, असं दिसलं की समजायचं, कुठेतरी भलतंच ठिकाण निवडलं गेलंय. जीपीएसमधली माहिती दर २८ दिवसांनी नव्याने येते, ती ताजी आहे का तेही बघावं लागतं.

चूक पाचवी : ऑटोपायलट नेमकं कुणाचं ऐकतोय?

आता अनेक छोट्या विमानांतही ऑटोपायलट असतो. त्यात 'हेडिंग' आणि 'नॅव्ह' असे दोन वेगळे मोड असतात. 'हेडिंग'मध्ये विमान पायलटने लावलेली एकच दिशा धरून चालतं. 'नॅव्ह'मध्ये ते आखलेल्या मार्गाने जातं. मार्ग भरला, पण मोड बदलायचा राहिला, तर स्क्रीनवर मार्ग दिसतो आणि विमान मात्र आपल्याच दिशेने जात राहतं.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं विमान सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ जण ठार झाले. ऑटोपायलट 'हेडिंग'वरच राहिला होता, असा निष्कर्ष पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौकशीत निघाला. या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं, की जीपीएस नागरी वापरासाठीही खुलं केलं जाईल. तुमच्या मोबाइलमधल्या मॅपच्या मागे या अपघाताचाही इतिहास आहे.

मग चुका टाळायच्या कशा?

जगभरातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या सवयी साधारण अशा आहेत :

• शक्य ते सगळं जमिनीवर, विमान उभं असताना भरायचं. हवेत बटणं फिरवताना मान खाली जाते आणि बाहेरचं लक्ष सुटतं.

• भरलेला आकडा मोठ्याने वाचायचा आणि मूळ कागदाशी जुळवायचा. आठवणीशी नाही.

• बटण दाबल्यावर बोटाकडे न बघता स्क्रीनकडे बघायचं. आपण काय दाबलं यापेक्षा यंत्राने काय घेतलं ते महत्त्वाचं.

• निघण्याआधी अंदाज बांधायचा. 'वळल्यावर नदी डावीकडे दिसेल, १२ मिनिटांनी रेल्वेमार्ग ओलांडू.' तसं झालं नाही, तर शंका घ्यायची.

• घाई असेल तर नवा मार्ग नाकारायचा किंवा वेळ मागून घ्यायचा. नियंत्रकाला 'थांबा' म्हणण्याचा पायलटला हक्क असतो.

• दोन साधनं वेगवेगळं सांगत असतील, तर आवडीचं निवडायचं नाही. तिसरं साधन शोधायचं.

शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व आता वाढलंय. जीपीएसचे सिग्नल अडवण्याचे किंवा खोटे सिग्नल पाठवण्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी होत आहेत. डीजीसीएनेही याबाबत नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं. सिग्नलच खोटा असेल, तर आकडे बरोबर भरूनही वाट चुकते.

डोळ्यांनी दिसतंय, मग चूक कशी होईल?

उपकरणांवर आंधळा विश्वास नको, तसा डोळ्यांवरही नको. याचं उदाहरण मुंबईतच आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे मोठं प्रवासी विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे गेलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हे दोन्ही विमानतळ जवळजवळ आहेत. आज जुहूच्या धावपट्टीचे क्रमांक ०८ आणि २६ आहेत, तर मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचे ०९ आणि २७. दिशेत फरक जेमतेम १० अंशांचा. नुसतं बाहेर बघून किंवा नुसतं होकायंत्र बघून दोन्ही सारखेच वाटू शकतात. अशा ठिकाणी रेडिओ केंद्रापासूनचं अंतर हा तिसरा साक्षीदार उपयोगी पडतो.

वाट चुकल्याचं लक्षात आलं तर?

सगळ्यात आधी विमान नीट उडवत राहायचं. मार्ग शोधणं त्यानंतर आणि बोलणं त्याच्याही नंतर. शक्य असेल तर उंची वाढवायची, कारण वरून लांबचं दिसतं आणि रेडिओही लांबपर्यंत पोहोचतो. इंधन जपून वापरायचं. आणि मग नियंत्रकाला स्पष्ट सांगायचं, की आपण कुठे आहोत ते कळत नाहीये. कोणती फ्रिक्वेन्सी लावायची हे माहीत नसेल, तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी जगभर एकच आहे. ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आकडा लावला, तर रडारच्या टप्प्यात असलेलं ते विमान अडचणीत आहे हे नियंत्रकाला लगेच दिसतं.

इथे अनेकांना लाज आडवी येते. आणखी पाच मिनिटं बघू, दिसेलच विमानतळ, असं म्हणत इंधन जळत राहतं. १९७८ मध्ये समुद्रावर हरवलेल्या त्या पायलटने मात्र बेट दिसत नाही म्हटल्यावर रेडिओवर मदत मागितली. टाकीत इंधन उरलेलं असतानाच मागितली, म्हणून त्याला शोधून काढायला व्हेट यांच्या हातात काही तास तरी होते.